डोंगरावरून उतरलेला केवडा

सई आणि नील,

फोनवर तुम्ही दोघांनी मला विचारलंत, की बाबा त्यांच्या पहिल्या विषाणूबद्दल कधीच का बोलत नाहीत. नंतरच्या सगळ्या कामांबद्दल बोलतात, जेवणाच्या टेबलावर तर नको तितकं बोलतात. पण त्या पहिल्या कामाचा विषय निघाला की पाणी प्यायला उठतात. मी तेव्हा "त्यालाच विचारा" म्हटलं आणि तुमच्याकडे बर्फ किती पडला याची चौकशी केली. काल तुडीलच्या रस्त्याने जाणं झालं. दोन्ही बाजूंना वाल फुललाय. म्हणून आज सकाळची कामं आटोपून लिहायला बसले आहे. इंग्रजी मी जन्मभर शिकवलं, तुम्हालाही तेच वाचायला सोपं जातं. पण हे मी इंग्रजीत लिहिलं तर ते फार सभ्य होऊन बसेल. अडेल तिथे आई वाचून दाखवील.

तुम्ही वाल पाहिलाय तो दुकानातल्या गोठवलेल्या पिशवीतला. इथे तो भाताच्या पाठोपाठ येतो. कापणी झाली की खाचरात जी ओल उरते तेवढ्यावर तो पेरायचा, आणि नंतर त्याच्याकडे बघायचंही नाही. त्याला कोणी पाणी देत नाही. तो दंव पिऊन वाढतो. पौषात फुलं येतात, पांढरी, मध्येच कुठे जांभळट. सकाळी त्या शेतातून चाललं की साडीचा काठ भिजून पायांना चिकटतो आणि चुरडलेल्या पानांचा उग्र हिरवा वास अंगाला लागतो. सावित्री नदीवरून धुकं येतं, त्याला खाडीच्या गाळाचा वास असतो. हे दोन वास एकत्र आले की कोणालाही वालाचं बिरडं आठवावं. मला सुरेखा आठवते.

नव्वदचं दशक संपत आलं होतं तेव्हाची ही थंडी. तुडीलच्या अनसूयाकाकी आमच्याकडे वर्षानुवर्षं वाल आणि तांदूळ आणत. नातं काही नव्हतं, पण तुमचे आजोबा त्यांना काकी म्हणत म्हणून सगळे तसंच म्हणू लागले. काटक बाई. पडवीत बसत, चहा बशीत ओतून पीत, आणि बोलता बोलता माझ्या ताटातले तांदूळ पुढे ओढून त्यातले खडे काढून टाकत. निवडलेल्या तांदळातही त्यांना खडे सापडत. मला त्यांचा तो हात आवडायचा. मी स्वतः तशीच आहे.

त्या सकाळी त्यांनी पदराखालून पानांचं पुडकं काढलं.

"बाई, ह्ये बघा. केवडा पडलाय."

केवडा म्हणजे इथे फूल समजू नका. वालाच्या पानावर पिवळे-हिरवे चट्टे येतात, पान आखडतं, झाड खुजं राहतं, शेंग धरली तरी वाकडी आणि पोचट. त्या पिवळेपणाला शेतकरी केवडा म्हणतात. 

अविनाश, म्हणजे तुमचे बाबा, तेव्हा पुण्याला संशोधन करत होता आणि तोंड पाडून घरी आला होता. त्याच्या सरांना कडधान्यावरचा असा विषाणू हवा होता, जो कोणी अजून मुळापासून शेवटापर्यंत वाचलेला नाही. असा त्याला कुठे मिळत नव्हता. त्याने काकींच्या हातातलं पान घेतलं, उजेडाकडे धरलं, आणि त्याचा चेहरा खुलला.

"आई, बघ! काय सुंदर पडलाय!"

"सुंदर?" काकी म्हणाल्या. "माझा वाल मेला, त्यात तुला सुंदर काय दिसलं रे?"

आम्ही दोघं हसलो. काकी हसल्या नाहीत. मग म्हणाल्या, "माझा पन नाय म्हना. सूनबायचा. तिनं म्हायेरसनं बी आनलं नी बांधाकडच्या तासांत पेरलं. थितंच पडलाय. माझ्या तासांत एक पान पिवळं दाखवा." तास म्हणजे शेतातली पेरणीची ओळ.

डोंगरातल्या वरंध गावच्या वरच्या वाड्यांमध्ये एक पद्धत होती. लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीला लेक माहेरी आली, की परत पाठवताना आई तिच्या ओटीत घरच्या वालाचं बी घालायची. राख चोळून, फडक्यात बांधून. लेकीने ते सासरच्या शेतात स्वतःच्या हाताने पेरायचं. ते उगवलं, फुललं, शेंगेला आलं, की लेक तिथे रुजली असं धरायचे. काकींची सून सुरेखा तिथलीच, तिचं लग्न त्याआधीच्या वैशाखात झालं होतं. नवरा रमेश मुंबईला एका कँटीनमध्ये होता. शिमग्याला आणि गणपतीला यायचा. बाकीचे दिवस ती आणि सासू.

अविनाशला दोन्हीकडची पानं हवी होती, तुडीलची आणि वरंधची. काकींनी सुनेला त्याच्याबरोबर पाठवलं, आणि परक्या तरुणाबरोबर एकटी कशी जाणार म्हणून मला मागून घेतलं. सुरेखाला तर लॉटरी लागल्यासारखं झालं. संक्रांतीच्या आत कोणाला माहेर मिळतं?

वरंधला एसटीतून उतरून वर चढायचं होतं. मी दर वळणावर थांबत होते.

"बाई, दमलाव? बसा की. आमच्या वाडीला चढाया जावई पन रडतात."

"रमेश रडला होता?"

"चपला हातात घेतल्या व्हत्या! वर आल्यावर आयला बोलले, मम्मी, रोड कब बनेगा? आय बोलली, तू नातू घेऊन ये, तवर व्हईल." आणि ती अशी हसली की कड्याकडेला चरणाऱ्या गुरांनी माना वळवल्या. तिचं हसणं तसं होतं. आधी आवाज यायचा, मग ती.

तिच्या आईने, हौसाबाईंनी, तिला दारातच धरलं. "बाय माझी, बारीक झालीस गो." मग आम्हाला ताक दिलं, आणि विषाणू वगैरे ऐकून घेतल्यावर विचारलं, "म्हंजे आमच्या वालाला ताप आलाय, असंच ना?" अविनाश म्हणाला, तसंच. त्या उताराच्या शेतात केवडा होता खरा. सुरेखा पदर खोचून शिरली आणि पाहुण्याला पिकली फळं निवडून द्यावीत तशी सगळ्यात आजारी पानं शोधून आणू लागली.

"भाऊ, ह्ये घ्या. ह्ये लई पिवळं हाय. फोटू निघंल का ह्याचा तुमच्या मशिनीत? चांगला काढा हां, आयला दाखवाया."

अविनाशने पानं ओल्या कागदात गुंडाळली आणि बर्फाच्या थर्मासमध्ये ठेवली. परत येताना तुडीलला काकींनी त्याला मूठभर बी दिलं. "ह्ये निरोगी. लग्नाच्या आदलं हाय, माझ्या मडक्यातलं." त्याला ते हवंच होतं. आजारी झाडाशी ताडून बघायला एक निरोगी झाड लागतं.

फोटो निघाला. मोठ्या सूक्ष्मदर्शकाखाली काढलेला, करडा. त्यात शिवणाच्या मशीनखाली पडलेले कापलेले दोरे असावेत तसं काहीतरी होतं. "हाच?" मी विचारलं. मला काहीतरी भयंकर दिसेल असं वाटलं होतं. अविनाशने मला तो समजावला आणि मी तुम्हाला माझ्या पद्धतीने सांगते. गजरा बघा. आत एक दोरा, आणि त्याच्याभोवती एकसारखी फुलं, प्रत्येक फूल आधीच्यापेक्षा जरा वळवून बांधलेलं, म्हणून गजरा गोल चढत जातो. हा विषाणू तसाच असतो. फुलं म्हणजे एकाच साच्यातली प्रथिनं, हजारोंनी. आतला दोरा म्हणजे आरएनए, आणि त्या दोऱ्यावर चार अक्षरांत लिहिलेला मजकूर. सुमारे दहा हजार अक्षरं. माझ्या शाळेच्या मासिकातला एखादा लांबलेला निबंध असेल तेवढाच. तेवढ्यात तो अख्खं शेत पिवळं करतो.

त्या मजकुराची आणखी एक गंमत मला व्याकरण शिकवणारी म्हणून लक्षात राहिली. तो सगळा एकच लांब वाक्य असतो, मध्ये कुठे विराम नाही. वालाच्या पानात शिरला की पान ते वाक्य जसंच्या तसं उच्चारतं, आणि मग वाक्यातलाच एक तुकडा कात्री होऊन बाकीचं कापत सुटतो. प्रत्येक तुकड्याला वेगळं काम. एक नकला काढतो, एक शेजारच्या पेशीत वाट पाडतो, एक मावा नावाच्या किड्याच्या सोंडेला चिकटायला मदत करतो. आणि मावा नसला तरी हा अडत नाही. तो बियातून जातो. वरून बी टपोरं, तुकतुकीत, आणि आत हा.

आरएनए अतिशय नाजूक. माणसाच्या बोटांच्या घामात त्याला खाऊन टाकणारं काहीतरी असतं, म्हणून हातमोजे घालायचे, सगळं उकळून घ्यायचं. एकदा मी त्याच्या नळ्यांची पेटी पुसायला घेतली तर अविनाश माझ्यावर ओरडला. पुढे मला वाटायचं, जो इतक्या सहज मरतो तो मडक्यात राखेखाली पिढ्यान्‌पिढ्या कसा राहतो?

वाचन वर्षभर चाललं. आता एका दुपारात जे होतं, त्याला तेव्हा महिने लागत. आरएनएची आधी डीएनएमध्ये नक्कल काढायची, तीही शेपटाकडून, कारण त्या टोकालाच पकड मिळते. म्हणजे गोष्ट शेवटापासून वाचत यायची. काळ्या फिल्मवर शिडीसारख्या रेघा उमटत, त्या खालून वर वाचायच्या. पुढच्या दिवाळीला तो अशा फिल्मांची गुंडाळी घेऊन घरी आला. पडवीच्या खिडकीला त्याने एक फिल्म चिकटवली, वरंधची. मी तिच्यावरून अक्षरं वाचायची, त्याने तुडीलच्या अक्षरांशी ताडायची. एक वाचणारा आणि एक बघणारा असला की डोळा फसत नाही. मी शाळेत गुणपत्रिका अशाच तपासायची.

"जी, ए, ए, सी, टी, जी…"

"हं. हं. पुढे."

काकी तेवढ्यात वाल घेऊन आल्या होत्या. पायरीवर बसून ऐकत होत्या. "कुठला मंतर म्हनताय मायलेकरं?"

"तुमच्या केवड्याचा, काकी," अविनाश म्हणाला. त्याचे डोळे चमकत होते. शेवटच्या रांगेशी आलो आणि त्याने टाळी वाजवली. "जुळला! तुडीलचा आणि वरंधचा, अक्षर न अक्षर तोच!"

"म्हंजे तिकडचाच ना ह्यो?"

"तोच आहे काकी. एकच."

मी म्हटलं, "एकच आहे म्हणजे कुठून कुठे गेला ते अजून कळलेलं नाही हं."

काकींनी माझ्याकडे शाळेतल्या मुलीकडे बघावं तसं बघितलं. "बाई, पानी वरंधाकडनं खाली येतं, सावित्रीत पडतं, मंग तुडीलाला येतं. तुडीलचं पानी वरंधाला चढलेलं कधी बघितलाव?"

अविनाश हसला. त्याला ते वाक्य इतकं आवडलं, की पुण्याला जाऊन त्याने सरांनाही ऐकवलं. काकींनी चहा संपवला, बशी विसळून उपडी ठेवली आणि गेल्या. त्या दिवशी त्यांनी तांदूळ निवडायला घेतले नाहीत.

काकींच्या त्या वाक्यात चूक कुठे आहे ते डोंगरात राहणाऱ्याला दिसत नाही. इथे सगळं वरून खाली येतं. पाऊस, दरडी, लाकडं, गुरं, सुना. खालून वर जातं ते मीठ, रॉकेल आणि एसटी. बी खालून वर जाईल हे कोणाच्या मनात येत नाही.

त्याच पौषात, वाल फुलात असताना, सुरेखा आमच्या दारात उभी राहिली. हातात पिशवी, आणि ओटीत काहीतरी बांधलेलं. मी तिला आत घेतलं. काकींनी तिला तिची तासं तिच्याच हाताने उपटायला लावली होती. ती दुसऱ्या वर्षीही तिने पेरली होती, आणि दुसऱ्या वर्षीही पिवळी आली होती. उपटून बांधावर ढीग केला, पेटवलाही तिनेच. शेजारपाजारच्या बायका उभ्या होत्या. मग काकींनी कुंकू लावून तिची ओटी भरली, रीतसर, तिच्याच माहेरच्या बियांनी. सुरकुतलेल्या, पोचट बियांनी. आणि म्हणाल्या, "जिथलं तिथं ने."

सुरेखाने ती गाठ सोडली नव्हती. सोडायची की नाही हेच तिला कळत नव्हतं.

"बाई, भाऊंना इचारा ना. मशीन कधी चुकतं का?"

मी म्हटलं, "मशीन चुकलेलं नाही ग. पण सासू म्हणते ते मशीन सांगत नाही."

"मंग काय सांगतं?"

"दोन्हीकडचा रोग एकच आहे, एवढंच."

"त्येच तर त्या बोलतात."

मी तिला सगळं पुन्हा समजावलं. सोप्या शब्दांत, उदाहरणं देऊन. तेवढं मला येतं. ती मान हलवत ऐकत राहिली. शेवटी म्हणाली, "बाई, ह्ये तुमी मला सांगून काय व्हनार?" आणि वरंधच्या गाडीची वेळ विचारली.

रमेश सुट्टी काढून आला होता, म्हणून मी तुडीलला गेले. तो ओट्यावर मोबाइल नावाची नवी वस्तू पुसत बसला होता. माझ्यासाठी उठून उभा राहिला, मी त्याला आठवीत शिकवलं होतं.

"बाई, आता रिपोर्टच आला ना. अब क्या बोलनेका?"

"रिपोर्ट वालाचा आहे, रमेश. तुझ्या बायकोचा नाही."

"पन सायन्सनं बोललंय ना? आय तर अडानी हाय. सायन्स तर अडानी नाय." आणि आतून काकींनी त्याला जेवायला हाक मारली.

त्या वर्षांत मुंबईहून येणाऱ्या माणसांबरोबर एका दुसऱ्या आजाराची भीती गावोगाव पसरली होती. त्याचं नाव कोणी उच्चारत नसे. अमक्याचा रिपोर्ट खराब आला, एवढंच म्हणत. सुरेखाच्या परत पाठवणीची बातमी रानात, बाजारात, एसटीत फिरली आणि फिरता फिरता त्यातला वाल गळून पडला. रिपोर्ट तेवढा राहिला. वरंधला विहिरीवर बायका तिच्या आधी पाणी भरून घेऊ लागल्या. हौसाबाईंच्या घरचं ताक कोणी पिईना.

पुण्यात, जाळीच्या बंद खोलीत, अविनाशने काकींनी दिलेलं निरोगी बी पेरलं होतं. तिथे मावा शिरू शकत नाही, वारादेखील गाळून येतो. त्यातल्या काही रोपांची पहिलीच पानं पिवळी आली. त्याला वाटलं, आपल्याच हाताने घाण झाली. पुन्हा पेरलं, पुन्हा तेच. मग त्याने तेही वाचायला घेतलं. लग्नाच्या आधीच्या त्या बियांत विषाणूची वेगवेगळी रूपं सापडली, थोड्या थोड्या अक्षरांनी निराळी. जुन्या घरात भावकी वाढते तशी. वरंधच्या पानांत मात्र त्यातलं एकच रूप होतं, सगळ्या झाडांत तेच. जिथे भावकी आहे ते मूळ गाव, आणि जिथे एकच घर आहे ते नंतर जाऊन वसलेलं. हे त्याने मला फोनवर सांगितलं. या वेळी त्याने टाळी वाजवली नाही.

तो आला त्या दिवशी मी त्याच्याबरोबर तुडीलला गेले. मांडवाचे बांबू अंगणात पडले होते. रमेशचं दुसरं लग्न ठरलं होतं. काकी सुपात वाल पाखडत होत्या. अविनाशने उभ्याउभ्याच सांगितलं. त्यांनी सूप थांबवलं नाही.

"असंल," त्या म्हणाल्या. "माझ्या वालात केवडा सासूच्या वेळपासनं हाय. दिसला की उपटायचा नी चुलीत घालायचा. गावभर बोंबलत नाय फिरायचं."

"म्हणून तुमची तासं हिरवी दिसायची," अविनाश म्हणाला. "मग सुरेखाला का नाही सांगितलंत, उपटत जा म्हणून?"

"तिनं इचारलं नाय."

"आणि वर? वरंधला तुमचं बी कसं गेलं?"

"म्याच धाडलं. सुपारी फुटली तवा, लग्नाच्या आदल्या दिवाळीला. विहिणीला मान द्यावा लागतो."

अविनाशचा आवाज फाटला. "म्हणजे तुमचा रोग वर गेला, त्यांच्या शेतात वाढला, आणि तुमच्याच सुनेच्या ओटीतून खाली आला."

"तूच तर बोललास. अक्षर न अक्षर."

"मी अर्धंच सांगितलं होतं काकी. तेव्हा मला अर्धंच माहीत होतं."

"मला अर्ध्यात भागलं." त्यांनी फुंकर मारून फोल उडवलं.

मी विचारलं, "का, काकी? पोरीने काय केलं होतं तुमचं?"

त्यांनी खरंच आठवून बघितलं. मला तो चेहरा अजून दिसतो. त्यात राग नव्हता, लाज नव्हती. खडा सापडतो का ते बघत होत्या.

"लई हसायची," त्या म्हणाल्या. मग आम्हाला बिरड्याला वाल देऊ केला. त्यानंतर आमच्याकडे त्यांचा वाल आला नाही, आणि कुठल्या घरचा आहे हे विचारल्याशिवाय मी वाल घेतला नाही.

अविनाश तेवढ्यावर थांबला नाही. त्याला वाटलं, खरं काय ते वरच्या वाडीत सगळ्यांसमोर सांगावं, म्हणजे निदान माहेरी तरी पोरीची मान सुटेल. देवळापुढे माणसं जमली. त्याने काठीने मातीत रेघा ओढून विषाणूची वंशावळ काढली, मूळ खाली तुडीलला, फांदी वर वरंधला. चांगलं सांगितलं त्याने. मी शिक्षक म्हणून सांगते. माणसं लक्ष देऊन ऐकत होती. सुरेखा देवळाच्या खांबाला टेकून उभी होती.

शेवटी एका म्हाताऱ्याने विचारलं, "मंग सायेब, औशिद काय त्येच्यावर?"

"औषध नाही. आजारी झाड उपटून जाळायचं. आणि त्या झाडाचं बी पेरायचं नाही."

"कुठलं बी आजारी नी कुठलं बरं, त्ये कसं वळखायचं?"

"नुसतं बघून नाही ओळखता येत."

मग कोणीतरी घराकडे गेलं. थोड्या वेळाने बियांचं एकेक मडकं बाहेर येऊन आगीत रिकामं होऊ लागलं. एका घराने आणलं म्हणून दुसऱ्याने, दुसऱ्याने आणलं म्हणून तिसऱ्याने. ज्यांच्या शेतात केवडा कधी दिसलाच नव्हता त्यांनीही आणलं. अविनाश सांगत होता, सगळं नका जाळू, मी तपासून देतो, निरोगी बी आणून देतो. त्याचं कोणी ऐकलं नाही. ते त्याचं सायन्स ऐकून उठले होते, आता त्याचं काय ऐकायचं? वाल जळताना फुटतो, लाह्यांसारखा नाही, जड, ओल्या लाकडासारखा. हौसाबाईंच्या घरचं मडकं सुरेखाने आणलं. ती माझ्याजवळून गेली तेव्हा म्हणाली, "भाऊंना बोला, लई चांगलं सांगितलं. समद्यांना कळलं."

ती टोमणा मारत होती का, ते मला आजही ठरवता येत नाही.

लहानपणी तुम्हाला रायगडावर रोपवेने नेलं होतं. खाली उतरल्यावर हिरकणीवाडीत एका ताडपत्रीच्या हॉटेलात आपण ताक प्यायलो, आणि नीलने पेला सांडला. तिथली बाई फडकं घेऊन आली, तीच सुरेखा. मावशीच्या हॉटेलात भाकऱ्या थापायला ती गेली आणि तिथेच राहिली. दुसरं लग्न झालं नाही. तिने तुमच्या दोघांकडे बघितलं आणि मला म्हणाली, "भाऊंची ना? कपाळ तसंच हाय." मग विचारलं, "भाऊंचं नाव झालं ना बाई?" मी हो म्हटलं. "मंग झालं तर," ती म्हणाली, आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाला बघून हसली. हसली नाही असं मी म्हणणार नाही. गिऱ्हाइकाला हसतात तेवढी हसली. तुमचे बाबा तेव्हा गाडीत बसून होते.

नाव झालं ते असं. वाचलेला विषाणू जगभरच्या शास्त्रज्ञांसाठी एका सार्वजनिक संग्रहात ठेवतात, आणि नमुना ज्या गावाचा त्या गावाचं नाव त्याला देतात. तुमच्या बाबांनी सगळ्यात आधी पूर्ण वाचलेला नमुना वरंधचा होता, कारण सुरेखाने निवडून दिलेल्या पानांत विषाणू सगळ्यात भरपूर होता. तो मूळचा तुडीलचा आहे हे कळल्यावर त्यांनी तशी टीप जोडली. टीप जोडता येते. एकदा दिलेलं नाव लोक आपापल्या लेखांत वापरू लागतात, मग ते बदलत नाही.

अनसूयाकाकी गेल्या. हौसाबाईही गेल्या. रमेश मुलाबाळांसह मुंबईला असतो. तुडीलला वाल पेरतात. त्यात केवडा असतो, दिसला की उपटतात आणि कोणाला सांगत नाहीत. वरच्या वाडीत आता वाल नाही, आणि लेकींच्या ओटीत तांदूळ घालतात. विषाणू त्या संग्रहात आहे, अक्षर न अक्षर, आणि त्याचं नाव वरंध आहे.